स्टीफन किंग : पुढची कादंबरी कोणती? इतिहासाच्या वाचकासाठी एक क्रम

१/२६
ऑक्टोबर १९५७. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील स्ट्रॅटफर्ड या गावचे एक चित्रपटगृह. पडद्यावर परग्रहावरच्या उडत्या तबकड्या पृथ्वीवर चाल करून आल्या आहेत. एकाएकी चित्रपट थांबतो, दिवे लागतात. व्यवस्थापक पुढे येऊन सांगतो, की रशियनांनी पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह अवकाशात सोडला आहे. प्रेक्षागृह स्तब्ध होते. त्या प्रेक्षकांत दहा वर्षांचा स्टीफन किंग बसलेला होता.

२/२६
१९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'डान्स माकाब्र' या भयसाहित्यावरील ग्रंथाची सुरुवात किंग यांनी याच आठवणीने केली आहे. पडद्यावरच्या तबकड्यांनी त्या मुलाला घाबरवले नाही. खऱ्या बातमीने घाबरवले. पुढे साठांहून अधिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या या लेखकाचे भय प्रारंभापासून आपल्या काळाशी जोडलेले आहे. इतिहासाच्या वाचकाने त्याच्याकडे वळावे, याचे कारण इथे आहे.

३/२६
अडचण एवढीच, की कादंबऱ्या साठांहून अधिक आहेत. एक-दोन वाचून झाल्या, की पुढची कोणती? कोणी चित्रपटांवरून निवड करतो, कोणी 'डार्क टॉवर' या दीर्घ मालिकेकडे बोट दाखवतो. विचारणारा इतिहासाचा चाहता असला, तर मात्र उत्तर हमखास एकच मिळते : '११/२२/६३'. शिक्षक भूतकाळात जातो, केनेडींची हत्या टाळू पाहतो. इतिहासवेड्याला आणखी काय हवे?

४/२६
हे उत्तर चुकीचे नाही; ते अवेळी दिले जाते. या धाग्याचे प्रतिपादन असे : इतिहासाच्या वाचकाने '११/२२/६३' पूर्वी 'इट' वाचावी. पहिली कादंबरी विचारते, की एक गोळी चुकली असती तर काय झाले असते. दुसरी विचारते, की एक अख्खे गाव काय विसरून जाते, आणि का. इतिहासाच्या अभ्यासाला दुसरा प्रश्न अधिक जवळचा आहे, आणि तो आधी भेटावा.

५/२६
यावर पहिला आक्षेप शिस्तप्रिय वाचकाचा : निवड कशाला करायची? १९७४ च्या 'कॅरी'पासून प्रकाशनक्रमाने वाचत जावे. क्रम निर्विवाद, वाद संपला. परंतु सनावळी दिसते तितकी निष्पाप कधीच नसते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. किंग यांच्या बाबतीत तर ती दोन ठिकाणी स्पष्टपणे उसवते.

६/२६
पहिले ठिकाण : टोपणनाव. १९७७ ते १९८४ या काळात पाच कादंबऱ्या 'रिचर्ड बाकमन' या नावाने प्रसिद्ध झाल्या. हा बाकमन म्हणजेच किंग, हे १९८५ मध्ये उघड झाले. शोध लावला तो वॉशिंग्टनमधील पुस्तकांच्या दुकानातील एका कर्मचाऱ्याने. शैलीवरून त्याला संशय आला आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील कॉपीराइटची कागदपत्रे चाळून त्याने तो पक्का केला. सरकारी दप्तराने एका लेखकाला पकडून दिले.

७/२६
दुसरे ठिकाण : पाठभेद. महामारीने मानवजात संपत आल्याची कथा सांगणारी 'द स्टँड' १९७८ साली निघाली. प्रकाशकाच्या आग्रहाने तिच्यातील शेकडो पाने वगळलेली होती. १९९० मध्ये ती पाने परत घालून नवी आवृत्ती आली, पण कथेचा काळही १९८० वरून १९९० वर सरकवला गेला. मग ही कादंबरी सत्तरीच्या दशकाचे साधन मानायची की ऐंशीच्या? उत्तर हातातल्या प्रतीवर अवलंबून आहे.

८/२६
सारांश, क्रम हा वाचकालाच लावावा लागतो. प्रश्न फक्त कोणत्या निकषावर, एवढाच. इतिहासाच्या वाचकासाठी एक निकष सुचवता येतो : या कादंबरीत भूतकाळाचे स्थान काय? तो नुसती सजावट आहे, की कथेतले भूत तोच आहे? या कसोटीवर 'इट'च्या आधी तीन लहान पुस्तके वाचून घेणे हिताचे ठरते.

९/२६
पहिले, 'कॅरी' (१९७४). छळ सोसणारी शाळकरी मुलगी, तिची धर्मवेडी आई आणि शेवटी जळणारे गाव, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. कादंबरीची घडण मात्र फारशी चर्चिली जात नाही. चौकशी आयोगाचे कामकाज, वर्तमानपत्रांची कात्रणे, एका वाचलेल्या मुलीचे आत्मकथन, प्राध्यापकी ग्रंथांतील उतारे, अशा बनावट 'साधनां'नी ती भरलेली आहे.

१०/२६
मध्येमध्ये निवेदक वाचकाला कॅरीच्या मनात घेऊन जातो आणि मग ध्यानात येते, की आयोगाला ती कळलेलीच नाही. कागद ढिगाने आहेत. मुलगी त्यांतून निसटली आहे. साधनांची चिकित्सा करायला शिकवणारे इतके छोटे आणि इतके निर्दय पुस्तक पाठ्यक्रमात क्वचितच सापडेल.

११/२६
दुसरे, 'द शायनिंग' (१९७७). १९७४ च्या शरद ऋतूत किंग दांपत्य कोलोरॅडोतील एस्टेस पार्क येथील स्टॅन्ली हॉटेलात उतरले होते. हंगाम संपत आलेला, हॉटेल जवळजवळ रिकामे. त्या मुक्कामातून ही कादंबरी सुचली. तिचा नायक जॅक टॉरन्स हिवाळ्यात बंद असलेल्या हॉटेलाची राखण करायला येतो आणि तळघरात त्याला कात्रणांची एक जाड वही सापडते.

१२/२६
त्या वहीत हॉटेलाचा काळा इतिहास आहे : गुंडांचे व्यवहार, खून, आत्महत्या. जॅक ठरवतो, की यावर आपण ग्रंथ लिहायचा. इथून त्याचा ऱ्हास वेग घेतो. अभ्यासकाला दप्तराची भूल पडते तेव्हा काय होते, हे या प्रकरणात जितके भेदकपणे येते तितके कुब्रिक यांच्या १९८० च्या चित्रपटात येत नाही. तिथे या वहीला जवळपास स्थानच नाही.

१३/२६
एक गैरसमज इथेच दूर करावा. हॉटेल मूलनिवासींच्या दफनभूमीवर बांधल्याचा उल्लेख चित्रपटातला आहे, कादंबरीतला नाही. दफनभूमी आहे ती तिसऱ्या पुस्तकात, म्हणजे 'पेट सेमेटरी' (१९८३) मध्ये. तिथे मिकमॅक लोकांच्या जुन्या दफनभूमीत पुरलेले प्राणी परत येतात, पण पूर्वीसारखे राहत नाहीत.

१४/२६
'पेट सेमेटरी'वर आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. हाडामांसाचे, जिवंत मूलनिवासी कथेत जवळपास नाहीत. आहे तो त्यांचा शाप. तरीही इतिहासाच्या वाचकाने एक तपशील टिपावा. ती जमीन कोणाची, यावर मिकमॅक, मेन राज्य आणि अमेरिकेचे सरकार न्यायालयात भांडत असल्याचे एक पात्र सहज बोलून जाते.

१५/२६
हे वाक्य हवेतून आलेले नाही. पासमाक्वॉडी आणि पेनॉबस्कॉट या जमातींनी मेन राज्याच्या फार मोठ्या भूभागावर हक्क सांगितला होता. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या स्वाक्षरीने तडजोडीचा कायदा झाला आणि ८.१५ कोटी डॉलर देऊन दावा मिटवण्यात आला. तीनच वर्षांनी ही कादंबरी निघाली. 'जमीन दुसऱ्या कोणाची तरी आहे' ही भीती त्या वेळी मेनच्या घराघरांत होती.

१६/२६
आता 'इट' (१९८६). चित्रपटांमुळे ती 'विदूषकाची गोष्ट' म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात ती डेरी नावाच्या काल्पनिक गावाची बखर आहे, आणि डेरी म्हणजे किंग यांचे स्वतःचे बँगोर. दर सुमारे सत्तावीस वर्षांनी गावात मुले मारली जातात. प्रत्येक वेळी एखादी भीषण सामूहिक घटना घडते. आणि प्रत्येक वेळी गाव ती विसरते.

१७/२६
हे स्मरण राखणारा एकच माणूस आहे : माइक हॅन्लन, गावचा कृष्णवर्णीय ग्रंथपाल. त्याच्या बालमित्रांनी गाव सोडले, ते श्रीमंत झाले, नामवंत झाले आणि सारे विसरून गेले. माइक मागे राहिला, त्याची मिळकत बेताची राहिली, आणि त्याला सगळे आठवते. म्हाताऱ्यांच्या मुलाखती, जुनी वृत्तपत्रे, वडिलांची मरणशय्येवरची साक्ष, हे सारे तो एका वहीत उतरवतो. भयसाहित्यात स्थानिक इतिहासकाराला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

१८/२६
या वहीतील घटना किती खऱ्या? एक उदाहरण पाहावे. १२ ऑक्टोबर १९३७ रोजी बँगोरच्या भर रस्त्यात अल ब्रेडी आणि त्याचा एक साथीदार एफबीआयच्या गोळीबारात ठार झाले. ही टोळी बंदुकांच्या खरेदीसाठी आलेली होती. 'इट'मध्ये ती 'ब्रॅडली टोळी' होते, साल १९२९ होते, आणि बंदुका चालवतात ते सरकारी हस्तक नव्हेत, गावकरी चालवतात.

१९/२६
बदल एवढासाच, पण सगळे सार त्यात आहे. राज्यसंस्थेने केलेली कारवाई किंग यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात दिली. दुकानदार, औषधविक्रेता, कोणीही. सगळे ठरवून जमले आणि नंतर मुकाट्याने आपापल्या कामाला लागले. कादंबरीतील विदूषक त्या गर्दीत दिसतो. बंदुकीचा घोडा ओढायला त्याची गरज लागत नाही.

२०/२६
दुसरी घटना 'ब्लॅक स्पॉट'ची. १९३० साली कृष्णवर्णीय सैनिकांचा हा नाचगाण्याचा क्लब एक गोरी संघटना पेटवून देते. ही आग काल्पनिक आहे, तिची हवा काल्पनिक नाही. कू क्लक्स क्लान म्हणजे फक्त दक्षिणेकडचा आजार, अशी समजूत आहे. मेन तर थेट उत्तरेचे राज्य. तरीही १९२० च्या दशकात तिथे क्लानचा जोर होता, रोख मुख्यतः कॅथलिक आणि फ्रेंच-कॅनडियन लोकांवर होता. १९२४ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत विजयी झालेल्या ओवेन ब्रूस्टर यांच्यामागे क्लानचा पाठिंबा होता.

२१/२६
तिसरी घटना सर्वांत जवळची. ७ जुलै १९८४ रोजी बँगोरमध्ये चार्ली हॉवर्ड या २३ वर्षांच्या तरुणाला तो समलिंगी होता म्हणून तीन किशोरवयीन मुलांनी पुलावरून केंडस्कीग ओढ्यात फेकले. त्याला पोहता येत नव्हते. तो बुडून मेला. त्या वेळी किंग याच गावात राहत होते. दोन वर्षांनी आलेल्या 'इट'मध्ये अशाच एका तरुणाचा असाच मृत्यू येतो. गावही तेच, महिनाही तोच.

२२/२६
कादंबरीतील तपासात मृत तरुणाचा जोडीदार आणि एक आरोपी, दोघेही पुलाखाली काहीतरी भयंकर पाहिल्याचे सांगतात. खटला सोपा राहावा म्हणून तो भाग बाजूला ठेवला जातो. नोंद स्वच्छ होते, शिक्षा होते, आणि मूळ प्रश्न दप्तरात शिरतच नाही. 'पुराव्यात नाही' आणि 'घडलेच नाही' यांतील दरी या प्रकरणाइतकी ठसठशीत क्वचितच दिसते.

२३/२६
'इट'चे दोष लपवण्याचे कारण नाही. पहिल्या आवृत्तीची पाने अकराशेहून अधिक आहेत आणि शंभर-दोनशे कमी चालली असती. शेवटाकडचा मुलांविषयीचा एक प्रसंग आक्षेपार्ह आहे आणि त्याचे समर्थन करण्याची कोणावरही सक्ती नाही. मराठी वाचकाला कथानक ओळखीचेही वाटेल, कारण नारायण धारपांची 'शपथ' याच कादंबरीवर आधारलेली आहे. जशी त्यांची 'लुचाई' 'सेलम्स लॉट'वर. मात्र कथानकाला गाव बदलता येते. ब्रेडी टोळी, क्लान आणि केंडस्कीगचा पूल बँगोरचेच राहतात. म्हणून 'शपथ' वाचलेल्यानेही 'इट' वाचावी.

२४/२६
आणि मग '११/२२/६३' (२०११). अमेरिकी रीतीने लिहिलेली ही तारीख, २२ नोव्हेंबर १९६३. ही कल्पना किंग यांना 'कॅरी'च्याही आधी सुचली होती. संशोधनाचा आवाका आणि ताजी जखम पाहून ती त्यांनी बाजूला ठेवली. कादंबरी उत्तम आहे आणि तिला भूतकाळाचा भाबडा लळा नाही. १९५८ च्या अमेरिकेची चव आणि स्वस्ताई चाखणाऱ्या नायकाला उत्तर कॅरोलायनातील एका पेट्रोल पंपावर कृष्णवर्णीयांसाठीचे 'स्वच्छतागृह' दिसते : विषारी वेलींतून जाणारी पायवाट आणि ओढ्यावर टाकलेली एक फळी.

२५/२६
तरीही ती आधी वाचू नये. इतिहासाच्या तरुण चाहत्याला जर-तरचे व्यसन लवकर जडते. पानिपतावर विश्वासराव वाचले असते तर? थोरले माधवराव आणखी वीस वर्षे जगले असते तर? या प्रश्नांत गोडी आहे, पण त्यांत इतिहास एका देहाच्या, एका क्षणाच्या आधाराने उभा राहतो आणि बाकी सारा समाज प्रेक्षक होतो. ज्याने आधी डेरी पाहिले आहे, त्याला गर्दी प्रेक्षक नसते हे पक्के माहीत असते. किंग यांनाही बहुधा हे ठाऊक असावे : डॅलसला जाण्यापूर्वी त्यांचा नायक १९५८ च्या डेरीत उतरतो आणि तिथे त्याला 'इट'मधली दोन मुले भेटतात. ती भेट ओळखू यायची, तर 'इट' आधीच वाचलेली हवी.

२६/२६
तेव्हा क्रम असा : 'कॅरी', 'द शायनिंग', 'पेट सेमेटरी', 'इट' आणि शेवटी '११/२२/६३'. इतकी सवड नसेल, तर फक्त शेवटच्या दोन, याच क्रमाने. वाचून झाल्यावर एक काम करून पाहावे. आपापल्या गावच्या वाचनालयात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे मागावेत आणि गावात कोणीच बोलत नाही असे एखादे वर्ष त्यांत शोधावे. माइक हॅन्लनने याहून निराळे काही केले नव्हते.